एकावन्न ळ

मी पोटासाठी काय करतो हे आईला एकदा समजावून सांगितलं. "ॲपमध्ये नाव-पत्ता टाइप करून बघतो. बरोबर जातंय का, चुकीचं टाकलं तर ओरडतंय का."

"आणि पगार कशाचा?"

"त्याचाच."

तेव्हापासून शेजारीपाजारी ती 'काँप्युटरात हाय' एवढंच सांगते. खोलात शिरत नाही.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी बेंगळूरच्या एका कंपनीसाठी ॲप तपासतो. बचतीचे हप्ते भरायचं ॲप. एकच फॉर्म: नाव, पत्ता, रक्कम. रोज चाळीस वेळा तोच फॉर्म हातानं भरून अंगठ्याला घट्टा पडायची वेळ आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, टायपिंग ऑटोमेट करून टाका. मला वाटलं, आता आपण नुसता चहा प्यायचा.

लॅपटॉपला वायर लावून फोन जोडला आणि एडीबी, म्हणजे लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोन चालवायचं साधन, त्यातला 'एडीबी शेल इनपुट टेक्स्ट' हा हुकूम सोडला. इंग्रजी नाव झरझर उमटलं. पत्त्यात जागा सोडायची तर तिथं टक्क्याचं चिन्ह आणि एस घालावा लागतो, तेही घातलं. मग मराठी नाव दिलं, तर फोननं नाव टाकलं नाहीच, उलट लांबलचक एरर फेकली. कारण साधं आहे. हा हुकूम अक्षर टाकत नाही, अक्षराचं बटण दाबल्याचं सोंग करतो. त्याच्या मनातल्या कीबोर्डावर 'ळ'चं बटणच नाही. बेळगावात राहून 'ळ'शिवाय भागवायचं कसं? गावाच्या नावापासून अडतंय. येळ्ळूर, अनगोळ, सुळगा, मुचंडीला जायचं म्हटलं तरी कणबर्गीचा खळाळ... असो, मुचंडीत 'ळ' नाही, पण मुद्दा लक्षात आला असेल.

तसं गावाचं नाव हा वेगळाच विषय. २०१४ च्या १ नोव्हेंबरला इंग्रजी स्पेलिंग बदललं. आमच्या ॲपच्या यादीत मात्र जुनं आणि नवं अशी दोन्ही शहरं शेजारी शेजारी नांदतात. एक निवडलं की पिनकोड बरोबर, दुसरं निवडलं की 'हा पिनकोड या शहराचा नाही'. मी हे बग म्हणून नोंदवलं. बेंगळूरहून उत्तर आलं, यातलं तुमचं शहर कुठलं ते आधी ठरवा. आता हे मी कसं ठरवणार?

अक्षरं मोजायचंही तसंच. नावाला पन्नास अक्षरांची मर्यादा. 'ज्ञानेश्वर'ची अक्षरं आईच्या हिशेबानं चार. मशीनच्या हिशेबानं दहा, कारण ज, हलन्त, ञ, काना, मात्रा, सगळं सुटं मोजायचं. आणि 'कुऱ्हाडे' या नावानं माझे दोन दिवस खाल्ले. टाकलं तेही कुऱ्हाडे, परत वाचलं तेही कुऱ्हाडे, तरी टेस्ट लाल, म्हणजे नापास. एकात नुक्ता, म्हणजे खाली ठिपका, असलेला 'ऱ', दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारं एक जोडणारं चिन्ह. डोळ्यांना जुळे, मशीनला परके.

शेवटी उपाय सापडला. फोनात एक खास कीबोर्ड टाकायचा. तो बटणांच्या भानगडीत न पडता लॅपटॉपवरून आलेला मजकूर, कुठल्याही लिपीतला, थेट रकान्यात ओततो. पडद्यावर त्याचं रूप म्हणजे तळाशी एक पट्टी आणि तिच्यावर 'एडीबी कीबोर्ड ऑन'. बाकी एक बटण नाही. काम झालं की जुना कीबोर्ड परत लावायचा. ही ओळ मी स्क्रिप्टच्या, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेल्या हुकमांच्या, अगदी शेवटी लिहिली होती.

त्या दिवशी माझा फोन चार्ज नव्हता म्हणून आईचा घेतला. स्क्रिप्ट निम्म्यात आपटली आणि शेवटची ओळ आलीच नाही. मी ते विसरून जेवायला बसलो.

"अरे, माझी अक्षरं कुठं गेली की?" आई फोन पुढं धरून उभी. "नुसतं ऑन म्हणालंय. काय ऑन?"

"लावतो, थांब जरा."

"भिशीचा ग्रुप हाय. आज नंबर काढायचाय."

ग्रुप उघडा ठेवूनच तिनं फोन माझ्या टेबलावर ठेवला. मी वायर जोडली. कीबोर्ड बदलण्याआधी म्हटलं, राहिलेली स्क्रिप्ट एकदा पुरी करून घेऊ, दोनच मिनिटं. स्क्रिप्टला वाटत होतं समोर आपलं ॲप आहे. खरं तर समोर कोण आहे हे ती बघतच नव्हती. कर्सर दिसेल तिथं ओतायचं आणि एंटर मारायचं, एवढंच तिला ठाऊक. आणि 'एंटर मारला की मेसेज जावा' ही सोय आईला मीच हौसेनं लावून दिली होती.

खाली कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि फोन टिंगटिंग वाजायला लागला. बघतो तर भिशीच्या ग्रुपवर आईच्या नावानं पहिला मेसेज 'कुऱ्हाडे'. दुसरा, पन्नासच्या मर्यादेपलीकडे एक म्हणून ठेवलेले, सलग एकावन्न 'ळ'. मग रकमेच्या रकान्याचे: 'शून्य'. 'उणे एक'. 'दहा लाख'.

वायर ओढेपर्यंत उत्तरं सुरू झाली होती. समोरच्या गल्लीतल्या काकूंनी लिहिलं, "अक्का, तब्येत बरी हाय न्हवं?" कुणीतरी 'ळ'ला हात जोडले होते. आणि भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या मावशींनी, ज्या एक रुपयाही सोडत नाहीत, विचारलं होतं, "उणे एक म्हणजे मागच्या महिन्याचा धरू की ह्या?"