डबा चकचकीत, पडदा फाटका

शनिवारी सकाळी माझी १९६८ सालची अमेरिकन गाडी, पॉन्टिॲक जीटीओ, सुरू करण्याआधी नेहमीप्रमाणे डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले ऑईल मोजायची पट्टी, ओढून पाहिली, तर ऑईल 'फुल'च्या खुणेच्या चांगले बोटभर वर चढलेले होते. ऑईल जळते, गळते, कमी होते. ते आपोआप कधी वाढत नाही. कागदी रुमालाला टेकवले तेव्हा मधे काळपट ठिपका राहिला आणि भोवती पिवळट कडे पसरत गेले, नाकाशी नेले तेव्हा पेट्रोलचा भपकारा आला, आणि काय झाले आहे ते मला कळून चुकले. बारा दिवसांपूर्वी बसवलेल्या कोऱ्या करकरीत फ्युएल पंपाचा, पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा आतून फाटला होता आणि टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरला पोहोचवण्याऐवजी तो पंप ते इंजिनाच्या पोटात सोडत होता. पंधरा वर्षे झोपलेले इंजिन मी सात महिने खपून जागे केले, आणि एका नव्या सुट्या भागाने बारा दिवसांत त्याच्या जिवावर बेतवले.

ज्यांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी आहे, त्यांना पुढचा प्रसंग सांगायची गरज नाही. जॅक लावा, खाली शिरा, नट सैल करा. गार ऑईल नेहमी दाट धारेने, वळत वळत उतरते. हे नळाच्या पाण्यासारखे भसकन परातीत आले आणि माझ्या कोपरापर्यंत उडाले. जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याला, जस्ताचे प्रमाण अधिक असलेले ऑईल लागते म्हणून शोधून, जादा पैसे मोजून आणलेले ते ऑईल होते. ते आता धड ऑईल नव्हते आणि धड पेट्रोलही नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी मी याच पातळ मिश्रणावर हे इंजिन चाळीस मिनिटे चालवले होते, आणि त्या चाळीस मिनिटांत बेअरिंगांवर किती ओरखडे उठले असतील या विचाराने मला दोन रात्री झोप लागलेली नाही. शिवाय इंजिनाच्या पोटात पेट्रोलची वाफ कोंडलेली असताना एखादी ठिणगी पुरते. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर माझी नात झोपते.

सोमवारी मी पंपाच्या कंपनीला फोन लावला. डब्यावर ठळक अक्षरांत 'आजीवन हमी' असे छापलेले आहे. अडतीस मिनिटे तेच संगीत कानावर आदळत राहिले आणि मग एका बाईंनी माझ्याकडे गाडीचा व्हीआयएन, म्हणजे कारखान्यात दिलेला ओळखक्रमांक, मागितला. मी तो सांगितला. त्या म्हणाल्या की हा क्रमांक अपुरा आहे, सतरा अक्षरे हवीत. मी शांतपणे सांगितले की गाडी १९६८ सालची पॉन्टिॲक जीटीओ आहे, सतरा अक्षरी क्रमांक १९८१ पासून सुरू झाले, त्याआधीच्या माझ्या गाडीचा क्रमांक तेराच अक्षरांचा आहे आणि त्याची सुरुवात २४२ ने होते, कारण २४२ म्हणजेच जीटीओ. त्या म्हणाल्या की संगणक सतराशिवाय पुढे जात नाही. जी कंपनी १९६८ च्या गाडीचा पंप विकते, तिच्या संगणकाला १९६८ ची गाडी ठाऊकच नाही! मग त्यांनी विचारले की पंप कोणी बसवला. मी म्हणालो, मी बसवला. परवानाधारक मेकॅनिकची पावती आहे का? नाही. मग ऑईल, मजुरी किंवा इंजिनाचे नुकसान यांपैकी कशाचीही जबाबदारी कंपनीवर येत नाही, मात्र सदिच्छा म्हणून पंप बदलून मिळेल. कोणता पंप? हाच. त्याच कारखान्यातला, त्याच डब्यातला, त्याच पडद्याचा. ज्याने माझ्या इंजिनात विष कालवले त्याचाच जुळा भाऊ मी पुन्हा माझ्या हाताने दोन बोल्ट आवळून बसवायचा, आणि त्याला यांनी हमी म्हणायचे!

मी चौतीस वर्षे डेट्रॉईट परिसरात गाड्यांच्या धंद्यात नोकरी केली आहे. पंप बसवायला मला कोणाची पावती लागत नाही. पंपाचा दांडा कॅमशाफ्टच्या उत्केंद्री चकतीवर कसा टेकवायचा, पॅकिंगला काय लावायचे आणि बोल्ट किती आवळायचे हे मला त्या बाईंच्या कंपनीने शिकवू नये. माझी चूक असती तर मी ती चारचौघांत कबूल केली असती. पण पंप माझ्या हातून गळला नाही. तो बाहेरून कोरडा ठणठणीत होता आणि आतून फाटला होता.

हा राग एका पंपाचा नाही. या सात महिन्यांत मला काळाने जेवढा त्रास दिला, त्याच्या दसपट नव्या मालाने दिला. गाडी मी १९९१ मध्ये घेतली आणि २०१० च्या ऑक्टोबरात उभी केली. त्याच महिन्याअखेर पॉन्टिॲक हे नावही बाजारातून कायमचे गेले. तेव्हा मुलांची कॉलेजे होती, मिरजेला आईचे आजारपण होते, दर काही महिन्यांनी विमान होते, आणि 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणता म्हणता पंधरा उन्हाळे गेले. ताडपत्री काढली तेव्हा एअर क्लीनरमध्ये उंदरांनी सीटच्या कापसाचे घर केले होते आणि त्यात ओकच्या फळांची टरफले गच्च भरलेली होती. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वॉर्निशचा वास येत होता. मागच्या ब्रेकचे सिलिंडर गंजून दगड झाले होते. यातल्या एकाही गोष्टीचा मला राग नाही. उंदराने उंदरासारखे वागावे, लोखंडाने गंजावे, पेट्रोलने शिळे व्हावे. पंधरा वर्षे मी फिरकलो नाही, त्याची ही वाजवी किंमत होती आणि ती मी हाताची सालटे काढून चुकती केली.

जुन्या मालाने मात्र मला एकदाही दगा दिला नाही. प्लगच्या आठही भोकांतून ऑईल सोडून आठवडाभर थांबलो, मग पुढून पाना लावून हाताने जोर दिला, आणि पहिल्याच दिवशी इंजिन पाव वळसा फिरले. मग प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून दांडा घातला आणि ड्रिलने ऑईल पंप फिरवला. ज्यांनी हे केले आहे त्यांना ठाऊक आहे की पॉन्टिॲकचा डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ड्रिलही उलटे चालवावे लागते. पहिला मिनिटभर दांडा मोकळाच गरगरत राहिला, आणि मग अचानक ड्रिल जड झाले, मनगटाला हिसका बसला आणि झडपांच्या वरच्या दांड्यांतून काळेभोर, दाट ऑईल एकेक करत पाझरू लागले. पंधरा वर्षांनी त्या लोखंडात रक्त फिरताना मी डोळ्यांनी पाहिले. अशा इंजिनात कोणी निष्काळजीपणे बनवलेला पंप पेट्रोल ओततो तेव्हा मला जो संताप येतो, तो मला कोणालाही माफक शब्दांत सांगता येणार नाही.

पंपाच्या आधी ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर होता. नवा कंडेन्सर अकराव्या दिवशी मेला, भर चौकात, मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना. त्या जागी मी १९९० च्या दशकात काढून ॲश ट्रेमध्ये टाकून ठेवलेला जुना कंडेन्सर बसवला, आणि गाडी त्यावर आजही बिनतक्रार ठिणगी देते. त्याआधी दाराची रबरी पट्टी होती, जिच्या पाकिटावर '१९६४ ते १९७२' असे लिहिले होते. १९६८ मध्ये या गाडीचे सगळे अंग बदलले, पुढचा बंपरसुद्धा गाडीच्याच रंगाचा, धक्का सोसणारा आला, आणि हे लोक नऊ वर्षांच्या गाड्यांना एकच पट्टी विकतात. जी सगळ्यांना बसते म्हणतात ती कोणालाच बसत नाही. दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि लागले की उघडत नाही. त्याहीआधी ब्रेकच्या नळीचे टोक होते, ज्याचे आटेच तिरके कापलेले होते. ब्रेकची नळी! माणसे ज्याच्या भरवशावर सत्तर मैलांच्या वेगाने जातात त्या वस्तूचे आटे तपासायला कोणाला वेळ नाही, डब्यावर १९६० च्या दशकातली जाहिरात छापायला मात्र आहे.

त्यात इथे अमेरिकेत पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी बसते आणि जुन्या रबराला खाऊन टाकते, म्हणून तर मी मूळचा पंप काढला. तो पंप चालत होता. त्रेचाळीस वर्षे चालला होता. जाणत्या लोकांनी सांगितले की त्याचा पडदा इथेनॉलला टिकणार नाही, नवा बसव, नव्याचा पडदा खास आजच्या पेट्रोलसाठी बनवलेला असतो. डब्यावरही तसेच लिहिलेले आहे. नळ्या बदलल्या, टाकी धुतली, बंदरावरच्या पेट्रोल पंपावरून बिनइथेनॉलचे पेट्रोल डबे भरून आणले, म्हणजे पडद्याला त्रास देणारे काहीही मी टाकीत घातले नव्हते. तरीही तो फाटला.

माझे वडील मिरजेच्या एस.टी. आगारात फिटर होते. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते बाकावर बसून पंप उघडत असायचे. चारी बाजूंचे स्क्रू काढायचे, झाकण उचलायचे, जुना पडदा उजेडासमोर धरून भोक शोधायचे, नवा पडदा बसवायचे आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे कड वाकडी बसत नाही. पंप फेकून देणे ही कल्पनाच त्या आगारात नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी सुटायची होती आणि तीत माणसे बसायची होती. माझ्या हातातल्या नव्या पंपाला एकही स्क्रू नाही. कड दाबून कायमची बंद केलेली आहे. तो उघडता येत नाही, तपासता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. तो फक्त फाटू शकतो. बाबांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला असता आणि काही न बोलता बाकावर ठेवून दिला असता.

आणि लोकांचे सल्ले. गॅरेजवाला सांगतो की हे जुने धूड काढून संगणकावर चालणारे आजचे इंजिन टाका, चावी फिरवली की सुरू. या माणसाला आपण काय बोलत आहोत हे कळते का? मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही असा पॉन्टिॲकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, दंडक असताना, १९६४ च्या मॉडेलसाठी पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन पॉन्टिॲकच्याच टेम्पेस्ट या गाडीत 'ऐच्छिक' म्हणून घातले, आणि त्यातून जीटीओ जन्मली. इंजिन हीच ही गाडी आहे. माझ्या गाडीतले ४०० घन इंचांचे इंजिन काढले तर उरेल तो पत्रा आणि सीट. मंडळाच्या गणपतीत भेटणारे आमचे लोक तर त्याहून पुढचे. साडेतीनशे अश्वशक्तीच्या गाडीसमोर उभे राहून, हात मागे बांधून, दरवर्षी तोच प्रश्न: 'ॲव्हरेज किती देते?' एका भाऊजींनी तर मला जेवणाच्या पंगतीत हिशेब करून दाखवला की एवढ्या पैशांत दोन टेस्ला आल्या असत्या. हिशेब चुकला होता, पण मला राग तो चुकल्याचा नाही, हिशेब केल्याचा आला. चौतीस वर्षे जी गाडी आपल्या घरात आहे, जिच्या मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीला मी दवाखान्यातून घरी आणले, तिची किंमत पंगतीत काढायची नसते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईट परिसरातल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. १९९५ पासून, २०२० चे वर्ष सोडले तर, तो दरवर्षी भरतो, आणि ज्या पॉन्टिॲक गावाचे नाव या गाडीला मिळाले त्या गावाकडे जाणारा तोच रस्ता आहे. २०१० पर्यंत एखादे वर्ष सोडले तर मी तिथे गेलो आहे. या वर्षी नातीला पुढच्या सीटवर बसवून नेण्याचे कबूल केले होते. आता दिवस उरले आहेत एकोणीस.

कंपनीने पाठवलेला बदली पंप आज दारात येऊन पडला आहे. तो मी डब्यातून बाहेरही काढला नाही. मूळचा पंप फडताळात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता; तो काढला, घासून पुसला आणि ओहायोत एक म्हातारे गृहस्थ जुन्या पंपांची कड कापून, आत नवा पडदा घालून ते पुन्हा बांधतात, त्यांच्याकडे पोस्टाने पाठवला. फोनवर त्यांनी मला क्रमांक विचारला नाही, पावती विचारली नाही. एवढेच विचारले की दांडा झिजला आहे का, आणि झिजला असेल तर किती. इंजिनात साधे स्वस्त ऑईल भरून ते पुन्हा काढले आहे, फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडाखाली एकेक करून उलगडल्या आहेत. आतापर्यंत बेअरिंग झिजल्याची खूण असलेला पितळी किंवा चंदेरी कण एकही सापडलेला नाही. अजून अर्ध्या घड्या बघायच्या आहेत.