मिस्टर आहेत का घरी?

दुपारी कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर. "ताई नमस्कार, मिस्टर आहेत का घरी?" म्हटलं, काय काम आहे ते मला सांगा. तर म्हणे, "नाही, ते नगरपरिषदेत तुमच्या नावाने अर्ज आलाय ना, त्याबद्दल जरा बसून बोललो असतो."

माहिती अधिकाराचा अर्ज माझा, सही माझी, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट मी चिकटवलेलं, आणि बोलायचं मिस्टरांशी!

बरं, हा माणूस नगरपरिषदेचा नाहीच. आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता ज्याने केला त्या ठेकेदाराचा. मला माहिती अधिकाऱ्याकडून अजून एका ओळीचं उत्तर नाही, पण माझं नाव, नंबर, अर्जातला मजकूर, सगळं तिकडे पोचलंसुद्धा. मला माहिती द्यायला कायद्याने 30 दिवस. ठेकेदाराला आठवडाही लागला नाही.

मागितलं काय होतं मी? अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (एम.बी., झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) आणि अंतिम बिल. एकच विषय, 150 शब्दांच्या आत, सगळं नियमाप्रमाणे. पहिल्याच पावसात खडी वर आली हो. आमच्या फाटकासमोर चपलेच्या टाचेने पोपडा निघतो. एम.बी.त किती जाडी लिहून पैसे उचललेत तेवढं बघायचंय.

आणि खरं तर हेही सांगायची गरज नाही. माहिती कशासाठी हवी ते अर्जदाराला विचारता येत नाही, कलम 6(2) उघडून बघा. पण विचारत नाही असा माणूस दाखवा. शेजारी विचारतात, भाऊ विचारतो, फोनवरच्या त्या गृहस्थांचंही तेच, "पण ताई, तुम्हाला हे कागद लागतात कशाला?" घरपट्टी घेताना कुणी नाही विचारलं, ताई कशाला भरताय म्हणून!

आता कुणी वकील मित्र कलम 11 घेऊन येईल, त्रयस्थ पक्षाला कळवावं लागतं म्हणून. लागतं. पण ते त्याने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीपुरतं. सार्वजनिक रस्त्याची जाडी ठेकेदाराचं गुपित कधीपासून झाली? आणि कळवायचं तर लेखी नोटीस काढा, माझा मोबाइल नंबर चहाबरोबर कशाला देता?

माहिती अधिकाराच्या नावावर तोडपाणी करणारे आहेत, मान्य. आमच्याही गावात आहेत. पण त्यांच्याशी "बसून बोलणं" केव्हाच झालेलं असतं.

केंद्राचा कायदा 2005चा. महाराष्ट्राने त्याच्या आधीच स्वतःचा केला होता, अण्णा हजारे 2003 मध्ये त्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. (अण्णांबद्दल पुढे तुमचं-माझं काय मत झालं ते राहू द्या.) आणि याच राज्यात, तळेगाव दाभाड्याला, जानेवारी 2010 मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना मारून टाकलं. जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते ते.

माझं प्रकरण कुठे, ते कुठे. गल्लीतला एवढासा रस्ता. पण फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मुलगी बारावीला ना यंदा? अभ्यास कसा चाललाय?" आवाज गोडच होता. धमकी म्हणावी तर म्हणता येत नाही, पोलिसांत जाऊन सांगणार काय? हे मी तिला सांगितलेलं नाही. ती इन्स्टावर असते, इथे फिरकत नाही, म्हणून लिहितेय. दुपारपासून तिच्या क्लासच्या वेळेकडे दोनदा बघून झालं.

आणि वर खासगी माहिती जपण्याच्या गप्पा! कलम 8 मध्ये एक वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदाराला जे मिळेल ते मलाही. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याने ते वाक्यच उडवलं. माझा नंबर जपा की आधी!

खिडकीवरच्या मुलीवर राग नाही माझा. आवकचा शिक्का मारताना ती खाली बघूनच पुटपुटली, "मॅडम, पोच जपून ठेवा हं." तिला सगळं ठाऊक असणार.

तर अर्ज मागे घेत नाहीये. मुदत उलटली की पहिलं अपील, 20 रुपये, आणि मग प्रतीही फुकट द्याव्या लागतात. दुसरं अपील माहिती आयोगात गेलं की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. तोवर सोमवारी दुपारी 3 ते 5 फाइल बघायला देतात, तसा 2018चा शासन निर्णय आहे. येत्या सोमवारी मी जातेय. साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचाही हक्क आहे कायद्यात, तोही अर्ज लिहून ठेवलाय. गल्लीतल्यांनो, इथे नुसते अंगठे टाकू नका, चौघं-पाच जण सोबत चला. कुणाकडे मोठा टेप असेल तर रविवारी आणून द्या, जायच्या आधी रस्त्याची लांबी-रुंदी मोजून ठेवायची आहे.