टीबीचे आकडे घटले, टीबी नाही

२०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. मास्कमुळे टीबी घटला, असं सांगणारे अजून भेटतात. टीबी असा वर्षभरात घटत नाही. जंतू शरीरात गेल्यावर आजार उमटायला महिने, कधी वर्षं लागतात. शिवाय लागण होते ती बंद खोलीत तासन्‌तास सोबत राहून, आणि लॉकडाऊनमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत खोकणाऱ्या माणसाबरोबर अख्खं घर दिवसभर कोंडलेलं होतं. रुग्ण होतेच, सापडले नाहीत.

का? एप्रिल २०२० पासून सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही टीबी तपासणीची यंत्रं कोविडसाठीही वापरात आली. लॅब टेक्निशियन स्वॅबच्या कामाला, आशाताई घरोघरच्या सर्वेक्षणाला. लोकांनीही खोकला लपवला. क्वारंटाइन कोणाला हवं होतं? मेडिकलमधून सिरप आणून भागवलं. खोकणाऱ्याची कोविड आणि टीबी अशी दोन्हीसाठी तपासणी करा, ही केंद्राची सूचना ऑगस्टमध्ये आली. माझ्या मते ती मार्चमध्येच यायला हवी होती. पुढच्या साथीत प्रत्येक जिल्ह्यात निदान एक यंत्र टीबीसाठीच राखून ठेवा, एवढी मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

दुसरं नुकसान सुटलेल्या गोळ्यांचं. साधा टीबी म्हणजे सहा महिने रोज औषध: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांत ताप जातो, वजन भरतं आणि माणूस थांबतो. पण संथ जंतू उरलेले असतात. ते पुन्हा वाढतात, कधी औषधाला दाद न देणारे होऊन.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासा. दोन नमुने द्यायचे, एक लगेच आणि एक सकाळी उठल्याबरोबर. साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून काढा, शक्यतो उघड्यावर. नुसती लाळ डबीत गेली तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. असा रिपोर्ट असूनही संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं चालूच असेल तर एक्स-रे काढा. घरात रुग्ण सापडला तर सगळ्यांची तपासणी करा. पाच वर्षांखालची मुलं आधी न्या. त्यांना आजार नसला तरी प्रतिबंधक औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, फक्त मागावं लागतं.