तो वरचा ०.३ एकर

बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचली होती. तरी मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मोबाइल हातभर लांब धरला आणि ‘कडधान्य व तेलबिया एकाच शेतात’ हे शब्द हजेरी घ्यावी तसे ठणठणीत वाचून दाखवले.

“ऐकलंत? कडधान्याच्या मुळांवर गाठी. गाठीत जिवाणू. जिवाणू हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरणार आणि शेजारच्या तेलबियाला देणार. युरियाची गोणी बंद! याला म्हणतात सहकार.”

बापू काडीनं मातीत रेघा ओढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “मास्तर, तुमची तूर उसनं देते होय?”

“देते म्हणजे काय, विज्ञान आहे ते.”

“गाठीतला नत्र पहिल्यांदा तिचा तीच खाते. बाकीचा बराचसा दाण्यात जातो, आणि दाणा आपण उचलून आणतो. पाला गळून, मुळं कुजून जे काय मागं राहतं, ते मिळतं पुढच्या पिकाला. त्याच हंगामात शेजाऱ्याच्या हातावर फारसं काही पडत नाही. तिचा गुण वेगळाय. ती शेजाऱ्याच्या ताटात हात घालत नाही. तिचं पोट हवेवर चालतं, म्हणून जमिनीतला नत्र शेजारच्या तिळाला जास्त उरतो. एवढंच.”

“म्हणजे युरिया बंदच की! मी वेगळं काय म्हणालो?” मास्तर हरले असं त्यांना कोणीही आजवर पटवून देऊ शकलेलं नाही.

“युरिया किती घालायचा ते तिळाला विचारा. पण तुरीला दाबून घातलात तर गाठी धरायच्याच कमी होतात. आयतं मिळाल्यावर कोण राबतंय? वर्गात गाइड मिळाल्यावर पोरं काय करतात?”

“माझ्या वर्गात गाइड चालत नव्हतं.”

“मास्तर,” दिन्या म्हणाला, “मी तुमच्याच वर्गात होतो.”

इथं पाच मिनिटं शेती बाजूला पडली. दिन्या दोनदा नापास झाला तो गणितामुळे की मास्तरांमुळे, हा जुना खटला पुन्हा उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे तारीख पडली.

गाडी परत रुळावर आली ती सोयाबीनमुळे. मास्तर म्हणाले, सोयाबीनमध्ये तूर, हेच कडधान्य-तेलबियांचं आदर्श उदाहरण. दिन्यानं लगेच अडवलं, की सोयाबीनला शेंगा येतात, मुळांवर गाठी येतात, मग ते तेलबी कसं? यावर अशी जुंपली की रस्त्यानं जाणारा एकजण थांबून विचारून गेला, भांडण कशावरून आहे म्हणून.

बापूंनीच मिटवलं. “कूळ विचाराल तर सोयाबीन तुरीचं भाऊबंद. गिरणीवाल्याला विचाराल तर तेलबी. दाण्यात तेल २० टक्क्यांच्या आसपास, प्रथिनं ४० च्या आसपास. भुईमुगाचंही तसंच, दोन्ही घरचा पाहुणा. पण मग सांगा मास्तर, सोयाबीन-तुरीत नत्र कोणी कोणाला दिला? दोघंही कमावते. तिथला फायदा नत्राचा नाहीच, वेळेचा आहे.”

आणि त्यांनी मातीतल्या रेघा दाखवल्या. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. पहिला दीड महिना तूर नुसती उभी असते, वाढायचं नावच घेत नाही. तेवढ्यात सोयाबीन जमीन झाकून टाकतं. शंभरेक दिवसांत त्याची पंगत उठते, आणि मग तूर हातपाय पसरते. वाणाप्रमाणं पुढं आणखी दोन-तीन महिने रान तिचंच. शिवाय मुळं खोल, त्यामुळे सोयाबीनला न पोचलेली ओल तिला सापडते.

“आणि माझं हार्वेस्टर?” दिन्याचं खरं दुखणं हे. “चार ओळींत घालू कुठं? तुरीवरनं चालवू?”

“पट्टे रुंद कर. कटरच्या रुंदीचा पट्टा पेरला की झालं.” बापू.

“कॅनडात वाटाणा आणि कनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचं तेलबी, एकत्रच कापतात!” मास्तरांनी व्हिडिओ पाहिलेला. “त्याला पीओला म्हणतात. वाटाण्याचा वेल कनोलावर चढतो, लोळत नाही. मागनं चाळणी लावली की दाणे वेगळे.”

हे मात्र खरं होतं, म्हणून सगळे जरा गप्प झाले. बापू म्हणाले, “तिथं दोन्ही एका वेळी पिकायला हवीत, तशा जाती निवडाव्या लागतात. दाण्यांच्या आकारातही फरक लागतो. सोयाबीन-तूर चाळणीत घालून बघा.”

तणाचं कोणी काढलंच नव्हतं, ते मी काढलं. ज्वारी-तुरीत एक पीक गवताच्या जातीचं. इथं बहुधा दोन्ही रुंद पानांची. गवत मारणारं औषध चालतं, पण रुंद पानाच्या तणाचं काय? सोयाबीनला चालणारं सूर्यफुलाला चालेलच असं नाही. शेवटी खुरपं. मी बोललो अनुभवानं. एका वर्षी एक ओळ भुईमूग, एक ओळ सूर्यफूल केलं होतं. सूर्यफूल उंच झालं, खाली सावलीत भुईमुगाचा पाला तेवढा माजला आणि शेंगा शोधाव्या लागल्या.

“यानं छत्र्या लावल्या होत्या,” बापू म्हणाले. तो विनोद मी सहा वर्षं ऐकतोय. “नशीब, हरभऱ्यात सूर्यफूल नाही घातलंस. घाटेअळीला दोन्ही पानं वाढलेली असती.”

मास्तरांनी शेवटचा पत्ता टाकला, गणिताचा. समजा, नुसतं सोयाबीन एकरी १० क्विंटल, नुसती तूर ८. एकत्र पेरल्यावर सोयाबीन ८ आलं, तूर ४. म्हणजे दहातले आठ ०.८, आठातले चार ०.५, झाले १.३. “एका एकरात १.३ एकराचं पीक!”

“या सगळ्यात एवढं एक बरोबर बोललात,” बापूंनी मान्य केलं. “पण १ च्या खाली आलं तर एकत्र पेरण्यात तोटा, तेही सांगा.”

दिन्या बोटं मोजत होता. “थांबा. शेत एक एकर. मग वरचा ०.३ एकर आला कुठनं?”

मास्तर समजवायला सरसावले, पण दिन्या बापूंकडे बघत होता. “मास्तर, तुमच्या शेजारी रान कोणाचं?”

“बापूचं.”

“आणि दरवर्षी बांध कोण कोरतं?”

मास्तरांचा चष्मा हसून हसून खाली पडला. बापू काडी टाकून उठले.

“बांध कोरून ०.३ मिळत असता,” ते म्हणाले, “तर तूर कशाला लावली असती?”