श्रेयाचं मान्य, 'घरंदाज' मान्य नाही

काका, नमस्कार. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा शोधून काढल्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या डॉ. सुनीती सॉलोमन यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. रक्त गोळा केलं विद्यार्थिनीनं आणि हार पडले बाईंच्या गळ्यात, हा तुमचा एक आक्षेप. दुसरा असा, की 'असले आजार घरंदाज बायकांपर्यंत येत नाहीत, मग आपल्या इंदूरच्या मंडळींपुढे हा विषय कशाला?'

पहिला आक्षेप निमूट मान्य. १९८६ साली मद्रासमध्ये वेश्याव्यवसायातल्या बायकांचे रक्ताचे नमुने गोळा करत हिंडल्या त्या सुनीतीबाईंच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. रक्तद्रव त्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवत, मग रेल्वेनं वेल्लोरला तपासायला नेला. त्यात सहा नमुने एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. मी त्यांना एका ओळीत उरकलं, ही माझी चूक.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला टोचतं ते वेगळंच. त्यातल्या बऱ्याच बायका सुधारगृहात डांबलेल्या होत्या. रक्त एड्सच्या तपासणीसाठी घेतलं जातंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करू नये असा कायदा व्हायला २०१७ उजाडलं. म्हणजे ज्यांच्यामुळे देशाला हा रोग कळला, त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या कौतुकाच्या लेखात हे यायला हवं होतं.

आता 'घरंदाज'. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. जी. केअर ही एचआयव्हीग्रस्तांसाठीची संस्था काढली. दक्षिण भारतातल्या अशाच एका केंद्रातल्या १३४ एचआयव्हीग्रस्त बायकांची पाहणी २००० साली छापून आली. त्यात ८१ टक्के गृहिणी होत्या आणि ८८ टक्के बायका एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. आता सांगा, काका, यांना कोणत्या खात्यात टाकायचं?

इंदूरला रामबागेत आमच्या मागच्या वाड्यात एक वहिनी होत्या. नवरा ट्रकवर. तो गेला तेव्हा 'टीबीनं गेला' असं सांगण्यात आलं. तेरावं झालं आणि सासूनं वहिनींचं ताट-वाटी वेगळी केली. नवऱ्याला कुठून लागलं, हे कोणी विचारलं नाही. हिचाच पायगुण म्हणाले. त्या मला फ्रॉक शिवून द्यायच्या. आईनं कापड पाठवणं बंद केलं आणि मीही कारण विचारलं नाही.

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सहापट असतो. म्हणून तिची या कॅन्सरसाठीची तपासणी २५ व्या वर्षापासूनच सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ताट वेगळं होईल या भीतीनं जी नवऱ्याचा रिपोर्टही लपवते, ती ओपीडीच्या रांगेत उभी राहील कशी?

निर्मलांचा परिच्छेद आता लेखात सगळ्यात वर घेतला आहे. वहिनींचं मूळ लेखात नव्हतं. ते तुमच्यामुळे लिहिलं गेलं.