मे महिन्यातला मार्च

आमच्या घरी उन्हाळ्यात दोन माणसं सगळं मुळापासून करतात. आई गहू तीन दिवस भिजवते, वाटते, त्याचा चीक शिजवते आणि पहाटे गच्चीवर कुरड्या घालते. आणि मी कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी जेंटू लिनक्स वापरतो. बाकीची दुनिया सॉफ्टवेअर तयार आणते. जेंटूवाले त्याचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ कोड, आणून घरीच कंपाइल करतात, म्हणजे त्यातून मशीनला चालणारा प्रोग्राम बनवतात. 'इमर्ज' अशी आज्ञा द्यायची आणि ओळी सरकताना बघत बसायचं. का, ते विचारू नका. सीताबर्डीच्या बाजारात हव्या तेवढ्या कुरड्या मिळतात, पण आईला हा प्रश्न विचारायची कोणाची टाप नाही.

माझा जुना प्रोसेसर एएमडीचा एफएक्स-८३५०. २०१२ सालचा, १२५ वॅटचा. नागपूरच्या मे महिन्यात खोलीत वेगळी शेगडी नको असते, तरी ती होती. यंदा रायझन ५ ५६०० घेतला, ६५ वॅटचा. सॉकेट वेगळं, म्हणून मदरबोर्डही नवा. रॅम जुनी चालेना, म्हणून तीही नवी. दुकानदार म्हणाला, "भाऊ, विंडोज टाकून देऊ का? अर्ध्या तासात होऊन जाते." मी नुसता हसलो. त्या हसण्याची किंमत पुढं पाच दिवस फेडली.

घरी येऊन सगळं जोडलं, जुनी डिस्क लावली, बटण दाबलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला, दोन-चार ओळी बोलला आणि कोसळला. पडद्यावर तक्रार अशी, की 'इनिट'ला, म्हणजे कर्नल सुरू करतो त्या पहिल्याच प्रोग्रामला, ठार मारण्याचा प्रयत्न झाला. मी कोणाच्या केसाला धक्का लावला नव्हता! पेन ड्राइव्हवरून बूट करून आत शिरायला गेलो, तर दारातच उत्तर मिळालं: इल्लीगल इन्स्ट्रक्शन. म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना.

चूक माझीच होती आणि ती एका ओळीत मावत होती. कंपाइल कसं करायचं ते ठरवणाऱ्या मेक.कॉन्फ फाइलीत मी मोठ्या रुबाबात 'मार्च=नेटिव्ह' लिहून ठेवलं होतं. हा मार्च महिना नव्हे, मशीन आर्किटेक्चरचा मार्च. अर्थ असा, की समोर जो प्रोसेसर आहे त्याचीच मापं घेऊन कपडे शिव. एफएक्सला एफएमए४, एक्सओपी असल्या काही खास सूचना समजायच्या. रायझनमध्ये एएमडीनं त्या काढून टाकल्या. म्हणजे शेलपासून इनिटपर्यंत घरातला प्रत्येक सदरा जुन्या पैलवानाच्या मापाचा, आणि आता नवा पोरगा उघडा. मार्चनं मे महिन्यात दगा दिला.

खरी रीत अशी, की जुना प्रोसेसर काढायच्या आधी ती ओळ बदलून साधं एक्स८६-६४, म्हणजे दोन्ही प्रोसेसरना बसेल असं माप, करायचं, सगळं कंपाइल करून घ्यायचं आणि मग बदल करायचा. ते आता आठवलं. म्हणून नवा बोर्ड काढला, जुना परत बसवला, प्रोसेसरवरची पेस्ट पुसून पुन्हा लावली आणि 'इमर्ज एम्प्टीट्री वर्ल्ड' म्हणालो, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून बनव. पॅकेजं ११८३. आणि हे दोनदा: एकदा जुन्यावर, एकदा नव्यावर.

बाहेर ४५ अंश, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागलेला. मी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कॅबिनेटकडं वळवला. बाबांनी तो स्वतःकडं वळवला. मी परत वळवला. "कूलर माणसासाठी असते," बाबा म्हणाले आणि खुर्ची उचलून कूलर आणि कॅबिनेटच्या मधोमध बसले.

दुसऱ्या दुपारी क्यूटी वेबइंजिन लागलं. हे पॅकेज म्हणजे अख्खा क्रोमियम ब्राउझर पोटात घेऊन बसलेली बाई. सहा तास झाले होते, मोजणी संपत आली होती आणि लाईन गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावायला घरात बंदी आहे. त्यावर पंखा चालतो. लाईन आली तेव्हा मी 'रिझ्यूम' दिलं. यादी जिथं होती तिथूनच पुढं सुरू होते, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पुन्हा पहिल्या फाइलीपासून.

आई दारात उभी होती. "काहून रे, तोंड पाडून काहून बसला?"

मी सांगितलं. आजवर कोणालाच सांगून समजलं नव्हतं. आई म्हणाली, "बरोबरच आहे. चीक अर्धवट शिजला अन् गॅस संपला, तर तो पुन्हा चढवून थोडीच जमते? गाठीच होतात." आणि जाता जाता इन्व्हर्टरवरच्या पंख्याची पिन काढून माझी लावून गेली. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची मात्र आणखी थोडी पुढं सरकवली.

तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा अदलाबदल. या वेळी रायझन उठला. मी मेक.कॉन्फमध्ये परत 'नेटिव्ह' लिहिलं (होय, परत) आणि बारा थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी बारा कामं चालतात, म्हणून बाराही कामाला लावले. मोठ्या सी++ पॅकेजांत एकेका थ्रेडला दोन-दोन जीबी रॅम लागते, आणि माझ्याकडं सोळा. रॅम संपली आणि कर्नलनं मध्यरात्री कंपायलरचाच गळा दाबला. मग सातवर आणून ठेवलं.

त्यात एका मित्राचा फोन. "अबे, जेंटू डिसेंबर २०२३ पासून तयार बायनरीपण देऊन राहिलं ना. काहून मरून राहिला?" मी म्हटलं, आमच्याकडं घरच्याच कुरड्या लागतात. त्याला काही समजलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शेवटचं पॅकेज बसलं. पंखा हळूहळू मंदावला आणि घरात पाच दिवसांत पहिल्यांदाच कूलरच्या पंपाची टपटप ऐकू आली. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"झालं?"

"झालं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग कर बंद आता."