४१ हर्ट्झचा शेजार

माझ्या वादनाला नियमित श्रोता एकच आहे आणि तो खालच्या मजल्यावर राहतो. नाना माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे आहेत. गेल्या छत्तीस वर्षांत मी बेस गिटारवर वाजवलेला जवळजवळ प्रत्येक स्वर त्यांनी ऐकलेला आहे आणि त्यांतला एकही त्यांनी स्वखुशीने ऐकलेला नाही.

बेस गिटार म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः माझ्या सासरच्या मंडळींसाठी, सांगतो की ते गिटारसारखे दिसणारे, चार तारांचे आणि गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलणारे वाद्य आहे. लग्नानंतर ते प्रथम पाहिले तेव्हा माझ्या मामेसासऱ्यांनी "उरलेल्या दोन तारा कधी बसवणार?" असे फार सहानुभूतीने विचारले होते, आणि त्या दोन तारा आर्थिक अडचणीमुळे राहून गेल्या आहेत ही त्यांची समजूत आजही कायम आहे. कार्यक्रमानंतर भेटायला येणारे लोकही गिटारवाल्याचे बोट, गायकाचा गळा आणि ड्रमवाल्याचा दम यांचे कौतुक करून झाले की माझ्यापाशी थबकतात आणि "तुम्हीही होतात, छान वाटलं" असे म्हणून चहाकडे वळतात.

नानांचे तसे नाही, आणि याला कारण पदार्थविज्ञान आहे. बेसची सर्वांत जाड तार, जिला आम्ही ई म्हणतो, सेकंदाला सुमारे ४१ वेळा, म्हणजे ४१ हर्ट्झने, कंप पावते. त्या कंपनाची हवेतली लाट आठ मीटरांहून लांब, म्हणजे सत्तावीस फुटांची असते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढी लाट मावणार कशी? ती स्लॅबमधून खाली उतरते आणि आपले उरलेले अंग नानांच्या दिवाणखान्यात पसरते. गिटारचा तीक्ष्ण आवाज मात्र भिंती, गाद्या आणि पडदे वाटेतच पिऊन टाकतात. त्यामुळे सभागृहात जे घडते त्याच्या नेमके उलटे नानांच्या घरी घडते: तिथे गायक नाही, गिटार नाही, झांजाही नाहीत, फक्त मी आहे. एकल वादनाचे एवढे कार्यक्रम दुसऱ्या कोणत्याही बेसवाल्याच्या वाट्याला आले नसतील. आमच्याकडे या वाद्याला कोणी बेस म्हणतात, तर कोणी बास. नाना खालून छताला झाडूचा दांडा लावून दुसरा उच्चार करतात, पण तो वाद्याच्या नावाचा नसतो.

हे वाद्य मी निवडलेले नाही. १९८९ साली आमच्या कॉलेजात बँड निघाला तेव्हा चौघांपैकी तिघांना गिटार वाजवायची होती. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. पुढे वाचनात आले की १९६१ साली बेसवाल्या स्टुअर्ट सटक्लिफने हॅम्बर्गमध्ये बीटल्स सोडले तेव्हा उरलेल्यांतही बेससाठी कोणी पुढे येत नव्हते आणि तो अखेर पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. हे वाचून मला फार बरे वाटले होते, परंतु आमच्या दोघांच्या आयुष्यांतले साम्य तिथेच संपते.

त्या काळी सारे सोपे होते, कारण आम्ही ज्याला नुसते रॉक म्हणत होतो त्यात बेसवाल्याने मूळ स्वर धरून ठेवायचा आणि चेहरा गंभीर ठेवायचा, एवढीच अपेक्षा होती. यूटू या बँडच्या १९८७ सालच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात त्यांच्या बेसवाल्या ॲडम क्लेटनने आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ चारच स्वर फिरवले आहेत, आणि त्या चार स्वरांच्या बळावर मी कॉलेजची तीन वर्षे काढली. आमचे दुसरे गाणे जी स्वरावर होते. हा जी सुमारे ४९ हर्ट्झचा असतो, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, आणि मोटारीची गुणगुण त्याच्या किंवा त्याच्या दुपटीच्या आसपास घुटमळते. या माहितीचा उपयोग मला नंतर समजला. पहिल्या आठवड्यात नाना दोनदा गच्चीवर जाऊन पाण्याचा पंप बंद करून आले होते. तिसऱ्यांदा ते जिन्यात माझ्या दारापाशी थांबले, त्यांनी कान दिला आणि "म्हणजे हा तू आहेस होय!" असे म्हणून ते खाली गेले. आमचे संबंध तेव्हापासूनचे आहेत.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही पिंक फ्लॉइडचे 'मनी' हे १९७३ सालचे गाणे बसवायला घेतले. ते सात मात्रांत चालते आणि त्याची सारी मदार बेसवर आहे, म्हणून मी ते खोलीचे दार लावून रोज दोन तास घोटत होतो. पाचव्या दिवशी नाना वर आले. ते गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला पखवाज धरतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्यांनी चप्पल दारात काढली, खुर्चीवर बसले आणि मांडीवर टाळी देत म्हणाले, "हा रूपक आहे. तीन, दोन, दोन. तू शेवटची मात्रा गिळतोस, त्यामुळे पाच दिवस आमच्याकडे कोणाला धड जेवता आलेलं नाही. घास उचलावा आणि सम निघून गेलेली असावी, असं होतं." मग त्यांनी मला बोल म्हणायला लावले. मी डाव्या हाताने तार दाबत, उजव्या हाताने ती छेडत, तोंडाने 'ती ती ना, धी ना, धी ना' म्हणत असताना आमचा गिटारवाला दारात येऊन उभा राहिला आणि त्याने आपण चुकीच्या बँडमध्ये आलो आहोत काय, अशा नजरेने पाहिले. रूपकाची सम 'खाली'च्या मात्रेवर असते, म्हणजे जिथे आपण जोर देऊ पाहतो तिथे टाळी नसते, हे नानांनी समजावले. ते गाणे लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सला हे कोणी सांगितले होते की नाही याची कल्पना नाही, पण मला त्या दिवसानंतर सातवी मात्रा कधी चुकली नाही. त्याच गाण्यात गिटारच्या एकलाच्या वेळी ताल सातावरून चारावर येतो. त्याची तालीम झाली त्या रात्री नानांनी जिन्यात मला गाठून, "मध्येच केरवा का धरलास? कंटाळलास का?" असे विचारले. मी मूळ गाण्यातच तसे आहे असे सांगितल्यावर ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "मग त्यांना कंटाळा आला असेल."

यापुढे रॉकचे प्रकार बदलत गेले. प्रकार बदलला ही बातमी मला नेहमी सगळ्यांत शेवटी कळते, आणि ती नेहमी गिटारवाला सांगतो. पहिला बदल मेटलचा. आमच्या गिटारवाल्याने मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या अल्बमची कॅसेट माझ्या हातात ठेवून पंधरा दिवसांत सगळा बेस कानाने उतरवून घ्यायला सांगितले. मी ती कॅसेट आठ दिवस ऐकली आणि मला बेस सापडला नाही. कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचे हेड पुसले. शेजाऱ्याचा डेक मागून आणला. कानांत मळ असेल म्हणून डॉक्टरांकडेही जाऊन आलो. पुष्कळ वर्षांनी समजले की त्या अल्बमच्या अंतिम मिश्रणात जेसन न्यूस्टेडचा बेस इतका खाली दाबला गेला आहे की तो जगात कोणालाच ऐकू येत नाही, आणि ही रॉक इतिहासातली एक प्रसिद्ध तक्रार आहे. तो बिचारा बँडमध्ये नवा होता. मी तेव्हा गिटारवाल्यापुढे मनाने रचून काहीतरी वाजवले आणि त्याने "अगदी तसंच" अशी पावती दिली. त्या पावतीचा अर्थ मी अजून लावतो आहे.

मेटलमध्येच आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस हा आमचा देव. तो स्वतःच बँडचा संस्थापक असल्यामुळे त्याला कोणी खाली दाबत नाही. तो नुसत्या बोटांनी घोड्याच्या टापांसारखी लय धावडवतो, ती मी वर्षभर गिरवली आणि नानांनी खालून "टांगा कुठे निघाला?" असे विचारून माझी घोडदौड बरोबर ओळखली. मार्च २००७ मध्ये मेडन बंगळुरूला आले तेव्हा मी रात्रीच्या बसने गेलो आणि हजारो लोक गायकाकडे पाहत असताना मी संध्याकाळभर फक्त दोन बोटे पाहिली.

पण मी पुढे गेलो. त्याआधी ग्रंजचे दिवस येऊन गेले, ज्यात पुण्याच्या एप्रिलमध्ये चौकड्यांचे जाड सदरे घालून आम्ही ग्रंजचे माहेर असलेल्या सिॲटलच्या पावसाळी औदासीन्याचा घाम गाळला. या प्रकारात कडवे हळू आणि धृपद जोरात असते, आणि हळू भागात गिटारवाला जवळजवळ गप्प बसत असल्यामुळे बेस चक्क ऐकू येतो. माझ्या कारकिर्दीतला हा सुवर्णकाळ ठरायला हवा होता. प्रत्यक्षात, आपण ऐकू येत आहोत या जाणिवेने मला असे काही कापरे भरले की पहिल्याच कार्यक्रमात सलग तीन कडवी चुकली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे गिटारवाले माझ्यावर अन्याय करत नव्हते, तर मला झाकत होते.

नव्वदीच्या अखेरीस न्यू-मेटल आले आणि चार तारा कमी पडू लागल्या. कॉर्न या बँडच्या धर्तीवर पाच तारांचा बेस हवा, असे ठरले, आणि मी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन तो घेतला. कर्जाच्या अर्जावर कारण म्हणून 'घरदुरुस्ती' लिहिले होते, आणि पुढे जे घडले ते पाहता ते अगदीच खोटे ठरले नाही. पाचवी तार सुमारे ३१ हर्ट्झची. ती मी प्रथम छेडली त्या संध्याकाळी नानांच्या काचेच्या कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. काकूंनी भूकंप समजून देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. नाना वर आले, पण चिडलेले नव्हते. "पहिल्या चार तारांवर कपबश्या गप्प असतात, पाचवीवरच नाचतात. तिची नोंद घे," असे ते म्हणाले. इतक्या बारकाईची समीक्षा मला कोणत्याही वर्तमानपत्रात मिळाली नसती.

त्यानंतर जे झाले त्याचे वर्णन थोडक्यात करतो, कारण ते अजून दुखते. २००३ साली द व्हाइट स्ट्राइप्सचे एक गाणे आले, ज्याची धून पुढे जगभरच्या फुटबॉल मैदानांवर प्रेक्षक गाऊ लागले. ती धून ऐकून कोणीही शपथेवर सांगेल की हा बेस आहे. तो बेस नाही. त्या बँडमध्ये बेसवाला नव्हताच. ती गिटार आहे, पायाखालच्या पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. आमच्या गिटारवाल्याने तसले पेडल आणले, ते माझ्यासमोरच दाबून पाहिले आणि फार जिव्हाळ्याने म्हणाला, "तुला आता बँकेतही बढती आली आहे, वेळ कुठून मिळणार?" सरकारी बँकांतली स्वेच्छानिवृत्ती योजना २००० सालीच येऊन गेली होती. तिच्यात मी टिकलो, पण दोनशे ग्रॅमच्या पेडलपुढे टिकलो नाही. निदान बँकेने पैसे तरी देऊ केले होते.

दहाएक वर्षांनी मला पुन्हा बोलावणे आले ते वीस-बावीस वर्षांच्या मुलांकडून, आणि तेही माझ्याकडे चारचाकी असल्यामुळे. ही मुले मला काका म्हणतात, माझ्यासाठी खुर्ची ठेवतात आणि मेशुगा या बँडच्या वळणाचे काहीतरी वाजवतात, ज्याला जेंट म्हणतात. त्यांच्या गिटारला आठ तारा आहेत. आठवी तार ते एफवर लावतात, म्हणजे साधारण ४४ हर्ट्झ. माझी ई ४१ ची. आमच्यामध्ये फक्त अर्ध्या स्वराची पट्टी उरली आहे. गावाकडे शेजारी दरवर्षी नांगराने वीतभर बांध कोरत आपल्या शेतात येतो, तसे हे गिटारवाले सहाचे सात, सातचे आठ करत माझ्या सातबाऱ्यावर आलेले आहेत, आणि वर "काका, मिक्समध्ये तुमचा बेस थोडा खाली घेऊ का?" असे विचारतात. आणखी खाली म्हणजे नानांच्याच घरी.

गेल्या वर्षी त्यांचाही प्रकार बदलला. आता पोस्ट-रॉक. यात गायक नसतो, गाणे अकरा-बारा मिनिटांचे असते आणि ते फार हळूहळू चढत जाते. माझ्या वाट्याला पहिली सात मिनिटे जी हा एकच स्वर आला आहे. छत्तीस वर्षांची साधना, पाच तारा, एक कर्ज, आणि शेवटी पुन्हा जी. मी नानांना सौजन्य म्हणून आधी कल्पना देऊन ठेवली, की आता काही दिवस एकच स्वर लांबवर ऐकू येईल, तर काळजी करू नका.

त्या शनिवारी मी सहकुटुंब एका लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. रविवारी सकाळी परतलो तर जिन्यावरून पाणी वाहत होते. रात्रभर पंप चालू राहून गच्चीवरची टाकी ओसंडली होती, आणि सोसायटीचे सेक्रेटरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नानांना विचारत होते की, पंप इतका वेळ चालू असताना एवढा आवाज तुम्हाला ऐकू आला कसा नाही.

"आला की," नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला वाटलं, याचा नवा प्रकार आहे. लय मात्र पहिल्यांदाच पक्की वाटली."